रेंडरमधला दिवा खोटा का वाटतो?

ताईच्या फ्लॅटचं इंटिरियर ठरत होतं तेव्हा डिझायनरने रेंडर पाठवलं. डायनिंग टेबलावर मस्त लटकता दिवा, खाली मऊ उजेड. दिवा आला, लावला, आणि जेवायला बसलं की बल्ब थेट डोळ्यात! मॉडेलचा आकार अगदी बरोबर होता. उजेड मात्र भलत्याच दिव्याचा होता.

उदाहरणासाठी अवघड दिवाच घेऊ. डॅनिश डिझायनर पॉल हेनिंगसेन यांचा १९५८ चा 'पीएच आर्टिचोक'. १२ ओळींत ७२ पाती, अशी रचलेली की कुठूनही पाहिलं तरी आतला बल्ब दिसत नाही. मॉडेल करणं तसं सोपं आहे: एक पातं करा, कॉपी करा. फक्त पात्याला जाडी द्या आणि कडा किंचित गोल करा. अगदी धारदार कडेवर चमक उमटत नाही, आणि डोळा ते लगेच पकडतो.

खरी गंमत उजेडाची. आत बल्ब ठेवला तर प्रकाश पात्यांवर अनेकदा आपटून बाहेर येतो. रेंडर तासन्‌तास चालतं, वर चित्रात दाणे दिसतात ते वेगळेच. म्हणून आयईएस फाईल वापरतात. प्रयोगशाळेत दिव्याभोवती कोनाकोनाने मोजलेली प्रकाशाची तीव्रता तिच्यात असते. साधी टेक्स्ट फाईल आहे, नोटपॅडमध्येही उघडते.

पण इथेच बरेच जण फसतात. पात्यांनी अडवलेला प्रकाश त्या आकड्यांतून आधीच वजा झालेला असतो. हीच लाईट मॉडेलच्या आत ठेवली की पाती तो पुन्हा अडवतात. शिवाय ही मोजणी लांबून केलेली, त्यामुळे खुद्द पात्यांवरचा उजेड तिच्यातून मिळत नाही. उपाय म्हणजे दोन लाईट: एक मंद, फक्त पात्यांसाठी; दुसरी आयईएसची, खोलीसाठी, जिला पात्यांची सावली लागू नाही. ब्लेंडर ४.० पासून लाईट लिंकिंग आणि शॅडो लिंकिंगने हे जमतं.

आणि हो, ब्लेंडरमधला वॅट म्हणजे वीजबिलातला वॅट नाही. तो बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा. जुना ६० वॅटचा बल्ब साधारण ८०० ल्युमेन देतो, कारण बरीचशी वीज उष्णतेत जाते. तिथे ६० टाकलेत तर खऱ्या बल्बच्या कितीतरी पट उजेड पडेल.

मोठ्या ब्रँडच्या साईटवर या फाईली बहुतेक वेळा फुकट मिळतात. ताईच्या दिव्याची नव्हतीच. शेवटी खालचा भाग आरशासारखा असलेला बल्ब लावला. आता डोळ्यांना त्रास नाही, पण टेबलावर उजेड जरा कमीच पडतो.