जॉयस्टिक बिघडली म्हणून मुलाला मारू नका

घरात मुले गेम खेळत असतील तर ही तक्रार आपल्याही कानी आली असेल. कोणी हात लावलेला नसतो, तरी पडद्यावरचा खेळाडू एका बाजूला चालतच राहतो. मग वडील म्हणतात, "आपटला असशील!" मुलगा शपथा घेतो. आम्ही येथे मुलाची बाजू घेणार आहोत.

जॉयस्टिकच्या दांडीला लागून दोन छोट्या डब्या असतात. एक उभी हालचाल मोजते, दुसरी आडवी. प्रत्येकीत कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावर घासत फिरणारी धातूची पाकळी. जुन्या रेडिओचे आवाजाचे बटण असेच चालायचे. ते जुने झाले की फिरवताना खरखर यायची. येथेही तेच होते. पट्टी झिजते, धूळ साचते आणि दांडी मध्यावर असूनही यंत्राला ती कललेली वाटते. निन्टेंडो कंपनीचे स्विच हे यंत्र २०१७ साली आले. त्याच्या जॉयस्टिकपायी २०१९ मध्ये अमेरिकेतील ग्राहक न्यायालयात गेले आणि २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी दिलगिरी व्यक्त केली. तिकडची सगळीच मुले काय आपटणारी होती?

नवा कंट्रोलर हजारो रुपयांना पडतो. म्हणून आधी घरीच उघडून पाहावा. प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर घेऊ. मागे एका बारीक भोकात रीसेटचे बटण असते, ते पिनेने दाबून पाहा. फरक पडला नाही तर मागचे चार स्क्रू काढा. झाकण हिसकू नका, आत दोन्ही भागांना जोडणारी पातळ पट्टी असते, ती तुटते. पहिले काम बॅटरीची वायर सोडवणे. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला टोचू-दाबू नये, काम तेथेच थांबवावे.

मोबाईल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपाइल अल्कोहोल डब्यांच्या फटीत दोन थेंब सोडा, दांडी गोल फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असते. खोबरेल तेल तर मुळीच नको! जवळ गॅस, मेणबत्ती, उदबत्ती पेटलेली नसावी.

धूळ असेल तर एवढ्याने भागते. पट्टी झिजली असेल तर चार दिवसांनी दुखणे परत येते, मग अख्खी जॉयस्टिक बदलावी लागते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला हा सुटा भाग नव्या कंट्रोलरच्या मानाने अगदी स्वस्त मिळतो. मात्र तो चौदा ठिकाणी सोल्डर केलेला असतो. वस्तीत आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांना बोलवा आणि आपली मुले शेजारी बसवा. मुलींनाही बसवा, चहा करायला उठवू नका.

हत्यार हाती येणे ही आपल्याकडे कधीच साधी गोष्ट नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याचे दार आपल्या माणसांना बंद होते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांना तो प्रश्न मांडावा लागला. म्हणून पोरांनी घरात स्क्रू-ड्रायव्हर मागितला तर आम्हाला बरे वाटते.

जुना भाग निघाला की लगेच फेकू नका. बाजूची डबी उघडून मुलांच्या वडिलांना दाखवा. कार्बनच्या पट्टीवर झिजलेली रेघ नुसत्या डोळ्यांनी दिसते.