खेळातील ‘मरण’ आणि पुनःप्रयत्नाची ओढ

मोबाइलवर खेळणाऱ्या मुलाच्या तोंडून ‘मेलो!’ हा उद्गार आज घरोघरी ऐकू येतो. त्यापाठोपाठ ‘आणखी एकदाच’ हेही शब्द येतात. ज्या खेळात मनुष्य वारंवार हरतो व चिडतो, तोच खेळ तो पुन्हा का खेळतो? हा प्रश्न मुख्यतः मानसशास्त्राचा होय. परंतु त्याच्या उत्तराचा एक धागा भाषेतही सापडतो, हे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

‘मेलो’ हा प्रयोग यंत्राबरोबर आलेला नाही. हुतूतू व कबड्डी यांत बाद झालेला गडी ‘मेला’ असेच म्हणण्याची रीत आहे. प्रतिपक्षाचा गडी बाद होताच तो पुन्हा ‘जिवंत’ होतो. कबड्डीच्या एका प्रकाराला तर ‘संजीवनी’ हेच नाव आहे. व्यवहारात ‘मरणे’ हे क्रियापद अंतिम घटना दर्शविते. क्रीडाभाषेत ते तात्पुरत्या अवस्थेचे वाचक बनते. पराभवातून परतता येते, हा करार खेळाडू भाषेतच मान्य करतो.

दुसरी गोष्ट कर्त्याची. ‘मी चुकलो’ आणि ‘खेळच खोटा’ या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. ‘डार्क सोल्स’ (२०११) हा जपानी खेळ काठिण्याबद्दल प्रसिद्ध आहे. त्यात ‘मेलेला’ खेळाडू परतला की शत्रू बहुधा पूर्वीच्याच जागी उभे असतात, आणि त्यांच्या प्रहारापूर्वी काही खूण दिसते. त्यामुळे कोठे चुकले हे कळते, आणि चूक आपली असेल तर ती सुधारणेही आपल्या हाती राहते. ‘फ्लॅपी बर्ड’ (२०१३) या खेळात हरल्यावर क्षणार्धात नवा डाव सुरू होई. लोकांना त्याचे व्यसन जडत आहे असे वाटून त्याच्या कर्त्याने २०१४ मध्ये तो मागे घेतला.

कोल्हापूरकरांना हे नवे वाटू नये. तालमीच्या लाल मातीत पोरगा आज पुनःपुन्हा आपटला जातो आणि उद्या पहाटे पुन्हा हजर होतो. कारण कोणती पकड सुटली, हे वस्ताद तेथल्या तेथे सांगतो.

अर्थात प्रत्येक पुनरागमन हितावह नव्हे. पैसे लावून खेळावयाच्या खेळांत ‘थोडक्यात हुकले’ ही भावना तशीच जागते. परंतु यंत्र निव्वळ दैवावर चालत असेल, तर त्या हुकण्यातून शिकण्यासारखे काहीच नसते, आणि गेलेला पैसा ‘जिवंत’ होत नाही. अशा ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये केंद्रीय कायद्याने बंदी घातली, ती या भेदाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

डॅनिश अभ्यासक येस्पर यूल यांनी २०१३ मधील आपल्या ग्रंथात हाच विरोधाभास चर्चिला आहे : अपयश टाळू पाहणारा मनुष्य खेळात मात्र ते आपण होऊन पत्करतो. तात्पर्य, त्याला ओढ अपयशाची नसते. कारण कळलेल्या आणि दुरुस्त करता येणाऱ्या अपयशाची असते.

आम्हां अध्यापकांनी येथे थोडे अंतर्मुख व्हावे. ‘मेलो’ हे क्रियापद आहे. ते एका घटनेपुरते असते. ‘नापास’ हे विशेषण आहे. ते माणसाला चिकटते. खेळात ‘मेलेला’ विद्यार्थी लगेच उठतो आणि व्याकरणात ‘नापास’ झालेला वही मिटतो, तर दोष केवळ विद्यार्थ्याच्या चिकाटीचा मानता येणार नाही.