नॉनस्टॉप : हळदीच्या मांडवापासून ‘एम-हाउस’पर्यंत

अंबरनाथ तालुक्यातलं जांभूळ बाहेरच्या लोकांना ठाऊक असतं ते एमआयडीसीच्या जलशुद्धीकरण केंद्रामुळे. बारवी धरणातून सोडलेलं पाणी उल्हास नदीतून उचलतात, इथे शुद्ध करतात आणि ते पुढे कारखान्यांना, शहरांना जातं. याच पट्ट्यात लग्नसराईत हळदीच्या रात्री हिंडून बघा. मांडवापाशी एकदा ठेका धरला की तो थांबत नाही. गाणी येतात आणि जातात, गायक बदलतात, पाय मात्र एकाच लयीवर पडत राहतात. इथे या प्रकाराला ‘नॉनस्टॉप’ म्हणतात. डीजे मिक्स अल्बम नावाची चीज जगात पोचली, त्याच्या आधीपासून आमच्या कानांना तिची सवय होती असं माझं ठाम मत आहे.

ही सवय लावली धवळारणींनी. आगरी लग्नात विधी पुढे सरकतो तो धवळ्यांच्या, म्हणजे विधीच्या गाण्यांच्या जोरावर. धवळारीण एका विधीचं गाणं संपवता संपवता पुढच्याचा सूर धरते आणि मध्ये पोकळी राहू देत नाही. तासन्‌तास चालणारं, एका बाईने क्रम लावून सांभाळलेलं ते गाणं. कशानंतर काय येणार, कुठे लय चढवायची, कुठे रडू येऊ द्यायचं, हे सगळं तिच्या हाती असतं. चांगला डीजे याहून वेगळं काय करतो?

हाउस संगीताचा उगम शिकागोतला. न्यूयॉर्कहून आलेला फ्रँकी नकल्स 1977 पासून तिथल्या ‘वेअरहाउस’ क्लबात डिस्कोच्या तबकड्या एकमेकींत मिसळून वाजवू लागला. मिनिटाला साधारण 120 ते 130 ठोके, प्रत्येक ठोक्यावर किक, आणि रात्रभर खंड नाही. क्लबात जाणाऱ्यालाच मिळणारा हा अनुभव नव्वदच्या दशकात सीडीवर आला. साशा आणि जॉन डिगवीड यांचा ‘रेनेसाँ’ 1994 मध्ये निघाला, ‘डीजे-किक्स’ ही मालिका 1995 मध्ये सुरू झाली, 2001 पासून लंडनच्या ‘फॅब्रिक’ क्लबाने आपले मिक्स विकायला काढले. गाणी दुसऱ्यांची, तरी अल्बम डीजेच्या नावाचा. सुरुवातीला बऱ्याच लोकांना हे पटलं नाही. ऐकणाऱ्यांना मात्र लगेच पटलं, कारण सुटी गाणी देऊ शकत नाहीत ती गोष्ट त्यांना मिळाली, ती म्हणजे सव्वा तासाचा एक सलग प्रवास. बदलापूरहून सीएसएमटीला लोकलने जाणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. साधारण 68 किलोमीटरचं अंतर, गाडीत उभं राहायला जेमतेम जागा, आणि कानात एकच मिक्स. पुढचं गाणं निवडायची कटकट नाही. कुणीतरी आपल्यासाठी विचार करून क्रम लावला आहे, या भरवशावर माणूस निवांत होतो.

आपल्याकडची गोष्ट त्याही आधीची आहे. ऐंशीच्या दशकात बाबला यांच्या ऑर्केस्ट्राच्या ‘डिस्को दांडिया’ने गाण्याला गाणं जोडत सलग नाचायची गोडी घराघरांत पोचवली. 1982 मध्ये मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीची ज्युपिटर-8, टीबी-303 आणि टीआर-808 ही इलेक्ट्रॉनिक यंत्रं घेऊन एचएमव्हीसाठी एक तबकडी केली : ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. दहा राग, खाली अखंड यांत्रिक ठेका. तेव्हा ती फारशी कुणी ऐकली नाही. 2010 मध्ये तिची आवृत्ती पुन्हा निघाली आणि युरोपातले जाणकार थक्क झाले, कारण पुढे शिकागोत ‘अ‍ॅसिड हाउस’ म्हणून गाजलेला नाद त्यात काही वर्षं आधीच ऐकू येत होता. शिकागोवाल्यांनी तो सिंगांकडून घेतला असं म्हणता येत नाही. पण मुंबईतल्या एका वादकाला टीबी-303 हे तेच यंत्र हाती आल्यावर तोच नाद सुचला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. 2015 मध्ये ते गेले. आयुष्याच्या अखेरीस का होईना, परदेशातल्या मंचांवर त्यांना मान मिळाला.

 

नव्वदचं दशक ठाणे जिल्ह्यात कॅसेटचं. ‘वेसावकर आणि मंडळी’ची कोळीगीतं, आनंद शिंदे यांची लोकगीतं, आणि वरातीला बेंजो पार्टी. मग रिमिक्सची लाट आली. बॅली सागूचा ‘बॉलिवूड फ्लॅशबॅक’ 1994 चा, आणि 2002 च्या ‘कांटा लगा’ने तर कहर केला. कायद्यानेही त्या लाटेला वाट करून दिली होती. मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षं झाली की ठरलेलं मानधन भरून नवी आवृत्ती काढता येत असे. 2012 च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षं केली. या रिमिक्सना मी मिक्स अल्बमच्या मागोव्यात फार जागा देणार नाही. जुन्या गाण्याला नवा ढोलका बांधला की काम झालं, असा त्यातल्या बहुतेकांचा खाक्या होता. गाणी एकमेकांशी बोलत नव्हती.

ती बोलायला लागली खाली, गावागावांत. घरी संगणक आला, सीडी राइट करणं स्वस्त झालं, व्हर्च्युअल डीजे आणि एफएल स्टुडिओ ही सॉफ्टवेअरं हातोहात पसरली, आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या बाजारांत ‘आगरी कोळी नॉनस्टॉप’च्या सीडी मिळू लागल्या. कव्हर झेरॉक्सचं, कंपनीचं नाव नाही. करणाऱ्याची ओळख एकच, दर पाच-सात मिनिटांनी गाण्यावर चढणारा टॅग : डीजे अमुक, गाव तमुक.

या पोरांपुढचा पेच शिकागोवाल्यांपुढे नव्हता. हाउसमध्ये दोन किकांमधली जागा दोन किंवा चार सारख्या भागांत वाटलेली असते. आपली बरीचशी कोळीगीतं सहा मात्रांच्या झुलत्या लयीत, म्हणजे तीच जागा तिथे तीन भागांत वाटलेली. दोन्हींचा वेग जुळवून एकावर एक ठेवलं तरी पाय अडखळतो. यावर तोड निघाली ती अशी. चालू गाण्याची हाय-हॅट आणि टाळ्या हळूहळू काढून घ्यायच्या, मागे नुसती किक ठेवायची. उघड्या किकेवर दोन भाग आहेत की तीन, ते कळत नाही. कान क्षणभर मोकळा होतो. त्या मोकळ्या आठ-सोळा ठोक्यांत कोळीगीताची ढोलकी आत सोडायची. चालू गाण्याचा बेस कापायचा आणि त्याच ठोक्याला नव्याचा उघडायचा. दोन बेस एकत्र वाजले की सगळा चिखल होतो, म्हणून ही अदलाबदल नेमकी साधावी लागते. नाचणाऱ्याला काही कळत नाही, त्याची कंबर मात्र आपोआप दुसऱ्या झोक्यावर गेलेली असते. त्या काळातल्या उत्तम नॉनस्टॉपमध्ये हा सांधा इतका सफाईदार आहे की तो ऐकण्यासाठी मी फाइल मागे नेऊन पुन्हा पुन्हा लावतो.

पुढच्या काळाबद्दल मला तक्रार आहे. सीडीची जागा पेन ड्राइव्हने आणि यूट्यूबने घेतली, टेम्पोवर टॉप-बेसच्या भिंती चढल्या, शार्पी लाइट आले आणि मिक्स ऐकण्यासाठी होईनासे झाले. ‘साउंड चेक’, ‘कॉम्पिटिशन मिक्स’ या नावांखाली जे निघालं, त्याचा हेतू समोरच्या मंडळाच्या स्पीकरवर मात करणं एवढाच. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली, 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहाची बंदी पक्की केली. म्हाताऱ्यांच्या आणि तान्ह्या बाळांच्या बाजूने बोलायचं तर हे नियम हवेतच. डीजे हा शब्द उच्चारला की लोकांना आता गोंगाट आठवतो, कारागिरी आठवत नाही, याची जबाबदारी त्या भिंतींवर जाते. चांगलं मिक्स हळू आवाजातही तितकंच धरून ठेवतं.

म्हणूनच 2024 ची घटना मला महत्त्वाची वाटते. क्रेटेक्स या नावाने काम करणारा कृणाल घोरपडे आणि गायक श्रेयस सागवेकर यांचं ‘तांबडी चामडी’ नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केलं. क्रेटेक्स या बाजाला ‘एम-हाउस’ म्हणतो, म्हणजे मराठी हाउस. शब्द मराठी, उच्चारही गावचा, आणि खाली जगातला कुठलाही डीजे आपल्या मिक्समध्ये सहज जोडून घेईल असा स्वच्छ ठेका. आजवर आम्ही बाहेरच्या ठेक्यात आपली गाणी बसवत होतो. आता बाहेरचे डीजे आपलं गाणं त्यांच्या क्रमात बसवू शकतात. गणपतीत ते वाजलंच, पण हेडफोन लावून ऐकायलाही ते तितकंच नीट आहे. या वाटेवर सुटी गाणी पुष्कळ येतील. मी वाट बघतोय ती धवळ्यांपासून सुरू होऊन हाउसवर पोचणाऱ्या, एका डीजेने एका दमात बांधलेल्या तासाभराच्या मराठी अल्बमची.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. राइट केलेल्या सीडीवरचा रंगाचा थर उष्णतेने आणि दमटपणाने खराब होतो, आणि ठाणे जिल्ह्यात दोन्हींची कमतरता नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे ते नॉनस्टॉप कुठल्याही कंपनीच्या कपाटात सापडणार नाहीत. असतील तर तुमच्या माळ्यावरच्या खोक्यात, जुन्या संगणकात, लग्नाच्या अल्बमच्या पिशवीत. जांभूळ असो, बदलापूर असो की उल्हासनगरचा एखादा कॅम्प, ज्यांच्याकडे अशा सीडी असतील त्यांनी या पावसाळ्याआधी त्या उतरवून घ्याव्यात आणि फाइलच्या नावात टॅगमध्ये ऐकू येणारं डीजेचं नाव, त्याचं गाव आणि साल न विसरता लिहावं.