ट्रॅक्टर विकण्याआधी टायर वाचा!

परीक्षा संपली की मी मामाकडे पळते. तलासरी तालुक्यात झाईच्या बाजूला त्याची चिकूची छोटी वाडी आहे. यंदा मे महिन्यात गेले तर अंगणात नेहमीच्या जागी ट्रॅक्टर नव्हता. गोठ्यामागे उभा होता. एका चाकाची हवा गेलेली, सीटवर कोंबडी बसलेली.

‘‘विकतोय,’’ मामा म्हणाला. ‘‘भंगारवाला रविवारी येतोय. चारही टायर गेले. नवीन घालायचे तर तुझ्या दोन सेमिस्टरची फी होईल.’’

‘‘पुढचे तर गेल्याच वर्षी बदलले होते!’’ मामीने आतून भर घातली.

हा ट्रॅक्टर माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. याच्याच ट्रॉलीत बसून आम्ही भावंडं समुद्रावर जायचो. त्यामुळे वाईट वाटलंच, पण डोक्यात एक प्रश्नही आला. एका वर्षात पुढचे दोन्ही टायर संपतात कसे? रविवारला पाच दिवस होते. मी वही काढली.

मोठा ट्रॅक्टर का नको?

डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालं, हे आपल्याला माहीत असतं. त्या झाडाखाली काम कसं चालतं, ते वाडीत गेल्याशिवाय कळत नाही. चिकूच्या फांद्या पसरट आणि खाली झुकलेल्या. मोठा ट्रॅक्टर आत घातला तर फांद्या मोडतात. शिवाय चिकूची अन्न शोषणारी मुळं बरीचशी मातीच्या वरच्या थरात असतात. जड चाक तिथून वारंवार गेलं की माती दबते आणि पाणी, हवा खाली जाणं अवघड होतं. म्हणून वाड्यांमध्ये पंधरा ते अठरा हॉर्सपॉवरचे बुटके ट्रॅक्टर चालतात. व्हीएसटीचा मित्सुबिशी शक्ती, महिंद्राचा युवराज ही त्यातली ओळखीची नावं. मामाने छोटा विकला असता तर पुढे भाड्याने मोठाच आणावा लागला असता. म्हणजे प्रश्न झाडांचाही होता.

गंमत म्हणजे ट्रॅक्टरला रबरी टायर आले, त्यातही बागांचा हात आहे. आधी ट्रॅक्टरची चाकं लोखंडी, दातेरी असायची. अमेरिकेतल्या फ्लोरिडात ती संत्र्याच्या झाडांची मुळं तोडायची, म्हणून बागायतदारांनी लोखंडी चाकांवर ट्रकचे जुने टायर चढवून पाहिले. पुढे 1932 मध्ये अ‍ॅलिस-चामर्स कंपनीने फायरस्टोनचे हवेचे टायर लावलेला ‘मॉडेल यू’ विकायला काढला. लोकांना खात्री पटावी म्हणून 1933 मध्ये बार्नी ओल्डफिल्ड या रेसरने तो ताशी 100 किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने पळवून दाखवला! मामाला हे सांगितलं तर म्हणाला, ‘‘आपला वीसच्या वर गेला तर मीच उडी मारेन.’’

झीज काय सांगते?

दुसऱ्या दिवशी गावातला जुना फिटर आला. वाकून त्याने पुढच्या टायरांवरून हात फिरवला आणि मलाही फिरवायला लावला. दोन्ही टायरांची फक्त बाहेरची कड घासलेली होती. आतली बाजू जवळजवळ कोरी.

‘‘टायर खराब नाय. चाकं आत बघतायत,’’ तो म्हणाला.

पुढची चाकं समोरून एकमेकांकडे किंचित झुकलेली ठेवतात. त्याला ‘टो-इन’ म्हणतात. हा झुकाव काही मिलिमीटरचाच असतो. तो जास्त झाला की चाक सरळ फिरता फिरता आडवं घासतं आणि बाहेरची कड खातं. दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड वाकलेला होता, त्याच्या टोकाचा जोडही ढिला. मामाला आठवलं, दीड वर्षापूर्वी चाक बांधावर आदळलं होतं. त्यानंतर त्याने टायर बदलले, रॉड तसाच राहिला!

हे गणित कुठल्याही टायरला लागू पडतं. फक्त मधला भाग झिजला तर हवा जास्त. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. एकच कड झिजली तर दोष टायरमध्ये शोधू नका, स्टिअरिंगचे जोड आणि बेअरिंग तपासा.

मागच्या चाकाचा घोटाळा वेगळा होता. महिन्यात तीन वेळा पंक्चर. प्रत्येक वेळी ट्यूब व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटलेली. फिटरने बोट दाखवलं तर व्हॉल्व्ह रिमच्या भोकातून तिरका बाहेर आलेला. हवा फार कमी असली की जोर लावताना रिम फिरतो आणि टायर मागे सरकतो. टायरबरोबर ट्यूब ओढली जाते, व्हॉल्व्ह रिमला अडकलेला राहतो आणि तिथेच फाटतो. तिरका व्हॉल्व्ह दिसला की हवा सोडा, ट्यूब सरळ करा आणि बरोबर मापाने पुन्हा भरा. पंक्चर काढताना टायरच्या आतून जाड कापड फिरवायलाही विसरू नका. बाभळीच्या काट्याचं मोडलेलं टोक आत राहिलं तर नवी ट्यूबही दोन दिवसांत बसते.

हवा किती? पाणी किती?

मामाचं उत्तर होतं, ‘‘लाथ मारून बघायची.’’ लाथेने काही कळत नाही, गेज हवा. टायरमधली हवा जितकी कडक, तितका मातीवरचा दाब जास्त. वाडीत म्हणून मागच्या टायरची हवा कमी ठेवतात. साधारण 12 ते 16 पीएसआय. पुढची त्याहून जास्त असते. रस्त्यावर भरलेली ट्रॉली ओढायची असेल तर मागची हवा वाढवावी लागते. नक्की आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत मिळतो.

पकड वाढावी म्हणून मागच्या टायरमध्ये पाणी भरायची पद्धत आपल्याकडे आहे. व्हॉल्व्ह सर्वांत वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे साधारण पाऊण टायर पाणी भरतात आणि वर हवा. भातशेतीत किंवा जड नांगरटीला ते ठीक. वाडीत मात्र ते वजन मुळांवर पडतं. आमच्या टायरमध्ये चार वर्षांपूर्वीचं पाणी तसंच होतं. ते काढल्यावर रिमवरचा गंज दिसला. समुद्राची खारी हवा बाहेरून, पाणी आतून!

नवीन घेताना

मागच्या टायरचे दात पार सपाट झाले होते, बाजूला भेगा पडून आतले धागे दिसत होते. ते बदलणं भागच होतं. बाजूवर 8.00-18 असं लिहिलं होतं. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचात. मधे आडवी रेघ असेल तर साधा टायर, ‘आर’ असेल तर रेडियल. ‘6 पीआर’सारखा आकडा टायर किती भार पेलू शकतो ते सांगतो.

आणखी एक चार आकडी संख्या असते. 3521 म्हणजे 2021 सालचा 35 वा आठवडा. दुकानात पडून राहिलेलं रबरही कडक होतं. आम्ही गेलो त्या पहिल्या दुकानात ‘एकदम फ्रेश’ म्हणून दाखवलेला टायर सहा वर्षांचा निघाला. मी आकडा वाचून दाखवल्यावर दुकानदार माझ्याकडे न बघता मामाला म्हणाला, ‘‘पोरगी इंजिनीअर आहे का?’’

मागचे दोन्ही टायर शक्यतो एकदमच बदला. एक नवा, एक झिजलेला अशी जोडी लावली तर चाकांचा घेर वेगळा होतो आणि त्याचा ताण डिफरन्शियलवर येतो. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या-मागच्या टायरांचं प्रमाण ठरलेलं असतं. तिथे ‘बसतोय ना, मग चालेल’ हे चालत नाही.

हायवेवरचा धोका

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी ठेवलीय. तलासरीतून मुंबई-अहमदाबाद हायवे जातो. पंक्चरच्या दुकानांतली यंत्रं ट्रकसाठी लावलेली असतात आणि ट्रकच्या टायरमध्ये 100 पीएसआयच्या वर हवा असते. तोच पाइप छोट्या ट्रॅक्टरच्या टायरला लावून ‘बसू दे रिमवर’ म्हणत हवा मारत राहिलं तर टायर फुटून माणूस मरू शकतो. अशा दुकानांत काम करणारी कितीतरी मुलं आपल्याच वयाची असतात.

रिमवर टायर बसवताना कडेला साबणाचं पाणी लावा. 35 पीएसआयच्या पुढे जाऊ नका. तरी बसला नाही तर हवा सोडून पुन्हा सुरुवात करा. समोर वाकून उभे राहू नका, लांब पाइप घेऊन बाजूला थांबा. आणि टायर चढलेला असताना रिमला वेल्डिंग कधीच नको. हवा काढलेली असली तरी नको, आतला वायू तापून स्फोट होतो.

रविवारी भंगारवाला आला आणि घासलेला टाय रॉड घेऊन गेला. पुढचे टायर आम्ही ठेवले, फक्त डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे, बाजू उलटून, म्हणजे आतली कोरी कड आता बाहेर आली. मागची जोडी नवीन घेतली. खर्च माझ्या एका सेमिस्टरच्या फीपेक्षाही कमी झाला.

पहिल्या पावसानंतर मामाचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. ट्रॅक्टर मागून काढलेला, चिखलाने माखलेला. खाली प्रश्न: ‘मागून बघताना दातांचं टोक वरच पाहिजे ना? उलटं नाही ना बसलं?’

मी झूम करून पाहिलं. टोक वरच होतं.