स्वयंपाकीणबाईंचा पगार

सकाळी साडेआठ. गणपती पेठेत हळदीच्या वखारीवर आमच्या निधीच्या दोन खोल्या आहेत. जिन्याच्या भिंतीवर 2019 च्या पुराची रेघ अजून दिसते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, आणि त्या ऑगस्टात पाणी 57 फुटांवर गेलं होतं. रंग देताना रेघेवर ब्रश फिरवायचा नाही, असं मालकांनीच रंगाऱ्याला बजावलं होतं.

आमचं काम एका वाक्यात सांगता येतं. जिल्ह्यातल्या लोकांकडून पैसा गोळा करायचा आणि जिल्ह्यातल्याच लहान संस्थांना द्यायचा. आम्ही स्वतः शाळा चालवत नाही, दवाखानाही नाही. जे चालवतात त्यांच्या पाठीशी उभं राहतो. कुणी महिना पाचशे देतं, कुणी वडिलांच्या नावानं ठेव ठेवतं.

नऊ वाजता देणगीदारांची यादी उघडली. मे महिन्याचा शेवटचा आठवडा चालू आहे. 31 तारखेच्या आत आयकर खात्याकडं देणग्यांचा 10बीडी फॉर्म भरायचा, उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये शुल्क. तो भरल्याशिवाय देणगीदाराला 10बीई प्रमाणपत्र निघत नाही आणि प्रमाणपत्राशिवाय 80जीची करसवलत मिळत नाही. चार जणांचे पॅन जुळत नव्हते. त्यातले एक निवृत्त गुरुजी. गेली सहा वर्षं पेन्शनमधून दरमहा पाचशे देतात. फोन केला तर म्हणाले, "ताई, कार्ड कपाटात आहे आणि किल्ली हिच्याकडं. ही गेलीय माहेरी. संध्याकाळी सांगतो की."

दहाला एक शेतकरी आले. द्राक्षाचे पैसे झाले होते, त्यातले पाच हजार रोख द्यायचे होते. 2,000 च्या वर रोख देणगीला सवलत नाही, हे सांगताना मला दर वेळी अवघडल्यासारखं होतं. माणूस हातात नोटा घेऊन समोर बसलेला असतो. "सवलत कुणाला पायजे? पावती तेवढी द्या," म्हणाले. पावती फाडली, पॅन लिहून घेतला.

साडेदहाला निघाले. मिरज, कवठेमहांकाळ, नागज फाटा आणि तिथून जत, दोनेक तासांचा रस्ता. मिरजेपर्यंत ऊस दिसतो. पुढं बेदाण्याच्या शेड लागतात, मग माळ. म्हैसाळ योजनेचं पाणी पोचलं तिथं हिरवं, बाकी कोरडं. एकाच जिल्ह्यात पुरानं घर जाणारी माणसं आहेत आणि टँकरची वाट बघणारीही. दोघांसाठी तिजोरी एकच, म्हणून आमच्या बैठकीत आवाज चढतात. चढायलाच हवेत.

पाऊण वाजता जतच्या पूर्वेकडच्या एका गावात पोचले. इथल्या बाई ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या आगंमागं निघायचं आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत यायचं. मुलं बरोबर नेली तर शाळा सुटते, मागं ठेवली तर बघणारं कुणी नसतं. सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण या वस्त्यांवरची बरीच मुलं तिच्याबाहेर राहतात. ती बाईंकडं येतात.

आता आईबाप परतलेत, त्यामुळं हॉल रिकामा. कोपऱ्यात गाद्या रचलेल्या. एका कंपनीनं दिलेला पाण्याचा फिल्टर, दुसरीनं दिलेले सौर दिवे, भिंतीवर रंगवलेले तक्ते. सगळं जपून, पुसून ठेवलेलं. बाईंनी जमाखर्चाची वही पुढं केली. मी पानं उलटत गेले. किराणा, गॅस, वह्या, सगळ्याला पावत्या. स्वयंपाकीणबाईंच्या पगाराचं व्हाउचर नोव्हेंबरचं होतं, डिसेंबरचं होतं. जानेवारीपासून त्याच रकान्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'देणे'. मार्चपर्यंत तेच.

"मॅडम, वस्तू मागितली की मिळते," बाई म्हणाल्या. "पगार मागितला की विचारत्यात, यात आमचं नाव कुठं लावणार?"

हे मी प्रत्येक तालुक्यात ऐकते. 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करायला लावले. चांगलं झालं. पण तो पैसा नोंदणी, 12ए, 80जी, तीन वर्षांचं काम, सीएसआर-1 असे उंबरे ओलांडून येतो, आणि आला की बहुधा वस्तूच्या रूपात. वीजबिल, हिशेबनिसाचे पैसे, भाकरी थापणाऱ्या हातांचा पगार यांना कुणी वाली नसतो. संस्था मोडते ती तिथंच.

स्वयंपाकीणबाई घरून आल्या. सध्या मजुरीला जातात. मी वहीतल्या 'देणे'बद्दल विचारलं तर म्हणाल्या, "देतील की. पोरं उपाशी ठेवून जाती का मी?" मग त्यांनीच पुराची आठवण काढली. त्या ऑगस्टात गावानं घरटी वीस-वीस कडक भाकरी केल्या होत्या, ज्वारीच्या, आठवडाभर टिकणाऱ्या. इथं त्या वर्षी चारा छावण्या होत्या. भाकरींची ती पोती आमच्याच जिन्याखाली उतरवली होती, मला चांगलं आठवतं. चटणीचं गाठोडं वेगळं बांधलेलं होतं.

चारला परत निघाले. वाटेत सीएंचा फोन. एका ट्रस्टनं दुसऱ्या ट्रस्टला शंभर रुपये दिले तर आता आयकराच्या हिशेबात त्यातले 85 च खर्च धरले जातात, तेव्हा मंजुरी देताना ते लक्षात ठेवा म्हणाले. आमच्यासारख्यांचं कामच दुसऱ्या संस्थांना देण्याचं. हा नियम मला अजून पटलेला नाही.

साडेसहाला समिती. डॉक्टर, वकील, दोन शिक्षक, एक गृहिणी आणि खालच्या वखारीचे अण्णा. आधी पूरनिधीचा विषय झाला. पाणी ओसरल्यावर लागतात ते चिखल उपसायचे पंप आणि ब्लीचिंग पावडर, त्यांची सोय जूनच्या आत करायची. त्यावर दुमत नव्हतं. जतचा अर्ज निघाला तसे अण्णा सरसावले. "पगाराला पैसा म्हणजे वाळूत पाणी. खोली बांधून देऊ, ती राहील तरी."

मी सामाजिक कृतज्ञता निधीची गोष्ट काढली. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. बाबा आढाव, डॉ. दाभोलकर यांनी तो उभा केला, त्यासाठी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. कशासाठी? पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून. इमारतीसाठी त्यांनी ते नाटक केलं नव्हतं. वकीलसाहेबांनी क्लीव्हलँडचं सांगितलं. तिथल्या फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकरनं 1914 मध्ये असा पहिला निधी काढला, कारण मृत्युपत्रांतल्या जुन्या अटींत पैसा अडकून पडतो हे तो बघत होता. पैसा आजच्या गरजेला वापरता यावा, निर्णय गावातल्या माणसांनी घ्यावा, एवढंच त्याचं म्हणणं.

अण्णा ऐकत होते. मी वहीचा फोटो पुढं केला, पेन्सिलीनं लिहिलेला रकाना. शिवाय भाकरी कुठून आल्या होत्या तेही सांगितलं. त्यांनी फोटो मोठा करून बघितला. "हे मागचं आधी फेडा," म्हणाले, "आणि पुढचं एक वर्ष." मी तीन वर्षं मागितली होती. एक मिळालं. इतिवृत्तात मी लिहिलं, 'पुढील दोन वर्षांचा विचार मार्चमध्ये.'

नऊला बाईंना फोन केला. पलीकडं थोडा वेळ आवाजच आला नाही. मग म्हणाल्या, "जानेवारीपासनं ना? उद्या सकाळी जाते त्यांच्याकडं."

साडेनऊ. कुलूप लावत होते तर गुरुजींचा फोन. कार्ड सापडलं होतं. मी परत दिवा लावला, यादी उघडली. ते एकेक अक्षर सांगत होते आणि मी लिहून घेत होते.