कुठलीही सीडी उचलतो!

स्वस्तातला डीव्हीडी प्लेअर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक चित्राच्या दर्जाबद्दल क्वचितच विचारायचं. खोक्यावर ‘प्रोग्रेसिव्ह स्कॅन’, ‘१०८ मेगाहर्ट्झ व्हिडिओ डॅक’ असं ठळक छापलेलं असे, पण तिकडे कुणी पाहत नसे. विचारणा ठरलेली होती: “भाऊ, घासलेली सीडी उचलतो का? आणि आमच्या लग्नाची चालेल ना?” काही जण तर घरची सर्वांत खराब सीडी पिशवीत घालून आणत, दुकानातच लावून बघत आणि मगच पैसे मोजत. माझ्या मते या यंत्राची याहून चोख परीक्षा दुसरी नव्हती.

साधारण २००५ ते २०१२ हा त्याच्या भरभराटीचा काळ. डीव्हीडी प्लेअर पहिल्यांदा विक्रीला आला तो १९९६च्या नोव्हेंबरमध्ये, जपानात. आपल्याकडे बरीच वर्षं ती श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली वस्तू होती. पुढे सगळं काम एकाच चिपवर होऊ लागलं, चीनमधल्या कारखान्यांतून सुटे भाग आणि तयार यंत्रं येऊ लागली आणि किंमत दोन हजारांच्या आत आली. २००७मध्ये मोझर बेअर या कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्यावर तर एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावरही सिनेमे टांगलेले दिसू लागले.

मात्र घराघरांत चालणाऱ्या डिस्क बहुतेक वेळा नव्याकोऱ्या नसत. भाड्याने आणलेली व्हीसीडी गल्लीतल्या प्रत्येक घरातून फिरून आलेली असे. लग्नाची डीव्हीडी फोटोग्राफरने आपल्या संगणकावर लिहिलेली, वर नवरा-नवरीच्या फोटोचं स्टिकर चिकटवलेलं. कारखान्यात छापलेल्या डिस्कला ॲल्युमिनियमचा चकचकीत थर असतो. घरी लिहिलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो, म्हणून तिचा मागचा भाग जांभळट दिसतो आणि लेझरचा प्रकाश तिच्यावरून कमी परततो. त्यात स्टिकर जरा एका बाजूला सरकलेलं असलं की डिस्क फिरताना थरथरते. नामांकित कंपन्यांचे महाग प्लेअर अशा डिस्कवर पुष्कळदा ‘नो डिस्क’ म्हणून मोकळे होत. स्वस्तातला प्लेअर खरखर करी, दोनदा मागेपुढे शोधी, चित्राचे चौकोन चौकोन करी, पण पुढे जाई. वरात दिसली, आजोबा दिसले. मध्ये दोन मिनिटं गेली तर गेली. गिऱ्हाइकाने या प्लेअरला शंभरपैकी शंभर दिले ते इथे, आणि ते त्याने कमावलेले होते.

दुसरी पसंती खेड्यापाड्यांतून आली. दहा-दहा, बारा-बारा तास भारनियमन असायचं आणि वीज आली तरी दाब इतका कमी की ट्यूबलाइट पेटू नये. या प्लेअरचा वीजपुरवठा ११० ते २४० व्होल्टवर चालणारा होता आणि त्याला लागायची जेमतेम दहा-पंधरा वॅट वीज. दिवा मिणमिणत असतानाही तो चालायचा. वीज गेली की सिनेमा पुन्हा पहिल्यापासून बघावा लागतो, ही तक्रार मात्र रास्त होती. पुढच्या काही यंत्रांनी थांबलेली जागा लक्षात ठेवायची सोय दिली आणि गावाकडची माणसं ती आवर्जून मागून घेत.

तक्रारींमध्ये सर्वांत मोठी आवाजाची. “गाणी दणकून वाजतात, पण बोललेलं ऐकूच येत नाही. व्हीसीडीला असं होत नाही.” हे निरीक्षण शंभर टक्के खरं होतं. डीव्हीडीवरचा आवाज बहुधा सहा स्पीकरांसाठी विभागलेला असतो आणि संवाद मधल्या स्पीकरला दिलेले असतात. घरात मात्र प्लेअरची लाल आणि पांढरी अशा दोनच वायरी टीव्हीला जोडलेल्या. सेटिंग ‘५.१’वर राहिलं की संवाद मधल्या स्पीकरच्या मोकळ्या भोकाकडे जातात आणि टीव्हीतून फक्त ढोल ऐकू येतात. व्हीसीडीत मुळात दोनच वाहिन्या, म्हणून तिथे अडचण नाही. ऑडिओ सेटअपमध्ये जाऊन ‘स्टिरिओ’ निवडलं की काम झालं. पण हे मराठीत सांगणारा कागद खोक्यात घालावा, असं कंपन्यांना सुचलं नाही. कित्येक घरांनी वर्षानुवर्षं नाटकाची डीव्हीडी लावून नटांचे नुसते हलणारे ओठ पाहिले, याचं मला आजही वाईट वाटतं.

रिमोटवरच्या ‘व्ही-मोड’ किंवा ‘पी-स्कॅन’ या बटणाने असाच घोटाळा केला. लहान मुलाच्या हातून ते दाबलं गेलं की चित्र गायब किंवा काळंपांढरं. यंत्र बिघडलं असं समजून माणसं ते पिशवीत घालून दुकानात आणत. खरं तर प्लेअर आपलं चित्र ज्या सॉकेटमधून टीव्हीला देतो, तेवढं बदललेलं असे. डिस्क काढायची आणि तेच बटण थांबून थांबून दाबत राहायचं, की पिवळ्या वायरीतून चित्र परत येतं. भल्या दुकानदाराने याचे पैसे घेतले नाहीत.

खरा बिघाड पिकअपचा, म्हणजे लेझर आणि लेन्स असलेल्या भागाचा. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, या दोन्ही ठिकाणी तेव्हा पिकअपचे खोके रचलेले असत. सान्योचा एचडी-६५ आणि सोनीचा केएचएम-३१३ हे आकडे कारागिरांना तोंडपाठ. गिऱ्हाईक येऊन म्हणे, “व्हीसीडी चालते, डीव्हीडी चालत नाही.” एवढ्यावरून कारागिराला निम्मं निदान कळे, कारण सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा असे दोन वेगळे लेझर असतात आणि थकला होता तो दुसरा. आधी स्पिरिटच्या बोळ्याने लेन्स पुसायची. नाहीच जमलं, तर काही जण पिकअपवरचा प्रीसेट नावाचा बारीक स्क्रू किंचित फिरवून लेझरला जास्त करंट देत. त्याने यंत्र लगेच चालू लागे, पण लेझरचं उरलेलं आयुष्य झपाट्याने संपे. जाणता कारागीर तसं आधीच सांगून टाकी आणि नवा पिकअपच बसवी.

परदेशातल्या मराठी घरांनाही या यंत्राचा उपयोग झाला. डिस्क कुठे चालावी यासाठी जगाचे विभाग पाडलेले होते: अमेरिकेचा विभाग १, भारताचा ५. चित्राची पद्धतही वेगळी: तिकडे एनटीएससी, इकडे पॅल. इकडून नेलेली पॅल डिस्क तिकडच्या साध्या प्लेअरवर अडायची. विभागाची अट न मानणारा आणि पॅलचं एनटीएससी करून देणारा स्वस्त प्लेअर मिळाला की मुलांना मराठी नाटक दाखवता येई.

शेवटच्या काही वर्षांत पुढच्या बाजूला यूएसबीचं भोक आलं आणि पेनड्राइव्हवर भजनं, सिनेमे भरून माणसं तोच प्लेअर चालवू लागली. २०१६मध्ये मोबाइलवरचं इंटरनेट स्वस्त झाल्यावर मात्र तो भराभर माळ्यावर गेला. मोझर बेअरचीही २०१८मध्ये दिवाळखोरीत अखेर झाली.

तुमच्या माळ्यावर असा प्लेअर असेल तर भंगारात देण्याआधी लग्नाची, बारशाची, साठीशांतीची डीव्हीडी त्यात लावून पाहा. त्या डिस्कमधलं रंगद्रव्य ऊन आणि दमटपणाने फिकं होत जातं, आणि एकदा फिकं झालं की कुठलाच कारागीर ते परत आणू शकत नाही. डिस्क अजून चालत असेल तर याच महिन्यात ती हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, एक प्रत नात्यातल्या दुसऱ्या घरी ठेवा आणि मगच प्लेअर ई-कचऱ्यात द्या.