‘ताकद चांगली आढळली’ म्हणजे किती?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी माझ्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये काँक्रीटच्या चाचणीचा निष्कर्ष एका ओळीत असायचा: ‘क्यूबची ताकद चांगली आढळली.’ चांगली म्हणजे किती, हे त्यात कुठेच नव्हतं.

आता मी असं लिहिते: १५० मिमी बाजूचा क्यूब, २८ दिवस पाण्यात क्युरिंग, ६३० किलोन्यूटन भाराला फुटला. क्षेत्रफळ २२,५०० चौ. मिमी, म्हणून ताकद २८ न्यूटन प्रति चौ. मिमी. वाचणारा स्वतः भागाकार करून आकडा तपासू शकतो. तांत्रिक लेखनात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच! शिवाय निकाल एका क्यूबवर देत नाहीत. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार तीन क्यूबची सरासरी घेतात आणि प्रत्येकाचा फरक सरासरीच्या १५ टक्क्यांच्या आत असावा लागतो. म्हणून मी तिन्ही आकडे लिहिते, नुसती सरासरी नाही.

एककांबाबत तर मी हट्टी झाले आहे. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान पाउंड आणि न्यूटनच्या घोळात गमावलं गेलं.

सबमिशनआधी तुमचं जर्नल दुसऱ्या ब्रँचच्या मैत्रिणीला वाचायला द्या. ती जिथे अडखळेल, ते वाक्य पुन्हा लिहा.